वंशावळीची फाइल सापडत नाही, तातडीने मदत हवी

शोधक: नवा कॉम्प्युटर घेतला, जुन्यावरचं सगळं कॉपी करून आणलं, पण वंशावळीची फाइल कुठेच नाही. सर्चमध्ये ‘वंशावळ’ मराठीत टाकून झालं, इंग्रजीत टाकून झालं, भलतंच काहीतरी समोर येतं. रविवारी सगळे नातेवाईक जमणार आहेत, त्याआधी हवी आहे. लवकर सांगा.

निवांत: सॉफ्टवेअर कुठलं? विंडोज की आणखी काही? आणि ‘सगळं’ म्हणजे नक्की काय काय आणलंत?

कीबोर्डवीर: नावाने नका शोधू, एक्स्टेन्शनने, म्हणजे फाइलच्या नावातल्या डॉटनंतरच्या अक्षरांनी शोधा. जेडकॉम (सगळ्या वंशावळ-सॉफ्टवेअरांना चालणारा सामाईक फॉरमॅट) असेल तर डॉट जीईडी, फॅमिली ट्री मेकर असेल तर एफटीएम, नवं रूट्समॅजिक असेल तर आरएमट्री. ‘एव्हरीथिंग’ नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका, विंडोजच्या सर्चच्या नादी लागू नका.

शोधक: विंडोजच आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं आणलंय. सॉफ्टवेअर ते झाडाचं चित्र असलेलं, फुकट मिळतं ते.

अनामिका: झाडाचं चित्र सगळ्यांनाच असतं हो!

जुनाखोड: रेकुव्हा चालवा. माझे गेलेले फोटो त्यानेच परत आणले.

निवांत: अहो, फाइल डिलीट झाल्याचं कुणी म्हटलंय का? आणि खरंच झाली असेल तर त्याच डिस्कवर रेकुव्हा टाकणं म्हणजे हरवलेल्या फाइलवर आपल्याच हाताने पाणी सोडणं. नवीन काही लिहिलं की नेमकी तीच जागा वापरली जाऊ शकते. एसएसडीवर (नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर) तर ट्रिम, म्हणजे डिलीट झालेली जागा आपोआप साफ करणारी सोय, चालू असलं की आशाच सोडा.

जुनाखोड: माझे आले परत. बाकी तुमचं चालू द्या.

शोधक: भांडू नका प्लीज. एक जीईडी फाइल सापडली, पण तीत अर्धीच माणसं आहेत.

कीबोर्डवीर: ती नोटपॅडमध्ये उघडा, साधा मजकूर असतो. कुठल्या सॉफ्टवेअरने बनवली ते सुरुवातीच्या ओळींतच लिहिलेलं असतं.

शोधक: ग्रॅम्प्स लिहिलंय.

निवांत: हे आधी कळलं असतं तर एवढी वणवण झाली नसती. ग्रॅम्प्स ‘वंशावळ’ नावाची एक फाइल करतच नाही. त्याचा डेटाबेस तुमच्या यूजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटामध्ये असतो, आणि ते फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून कॉपीत आलं नाही. जुन्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर टिक करा. मग अ‍ॅपडेटा, रोमिंग, ग्रॅम्प्स, ग्रॅम्प्सडीबी. तिथे नसेल तर रोमिंगऐवजी लोकलमध्ये बघा, नव्या आवृत्त्या तिकडे ठेवतात. आत आकडे-अक्षरांची खिचडी असलेल्या नावांची फोल्डरं दिसतील. प्रत्येकात नेम नावाची एक टेक्स्ट फाइल असते, तीत तुम्ही दिलेलं खरं नाव मिळेल.

टक्स_भक्त: लिनक्सवर असता तर हा प्रश्नच आला नसता.

अनामिका: आला असता. तिथेही ते लपलेल्या फोल्डरमध्येच असतं.

पूर्वजप्रेमी: फाइलीपेक्षा डीएनए टेस्ट करून घ्या, पूर्वज नक्की कळतात.

अनामिका: पणजोबांचं नाव डीएनएमध्ये लिहिलेलं नसतं हो. ह्यांना फाइल हवी आहे.

शोधक: सापडलं! नेम फाइलीत ‘आमचं घराणं’ लिहिलंय. फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन येऊ का?

निवांत: नुसतं फोल्डर उचलू नका, दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या असतील तर अडेल. जुन्या मशीनवर ग्रॅम्प्स उघडा आणि ‘मेक बॅकअप’ करा. त्यात मीडिया घ्यायला सांगितलं की फोटोंसकट एकच जीपीकेजी फाइल बनते. नव्यावर रिकामं ट्री तयार करून त्यात इम्पोर्ट करा. जेडकॉमच्या वाटेला जाऊ नका, त्यात फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते, म्हणजे ते कुठल्या फोल्डरात आहेत तेवढंच येतं.

कीबोर्डवीर: आणि बॅकअपच्या नावात वर्ष, महिना, दिवस ह्याच क्रमाने तारीख टाका, मग यादी आपोआप ओळीने लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असली नावं नकोत.

जुनाखोड: मी घराण्याप्रमाणे फोल्डर करतो. तारखेचं कोण लक्षात ठेवतं?

कीबोर्डवीर: लग्न झालेली मुलगी मग कुठल्या फोल्डरात? नाती सॉफ्टवेअरला सांभाळू द्या. फोल्डरात कागद कुठून मिळाला तेवढं लिहा.

शोधक: इम्पोर्ट झालं, सगळी माणसं आली! पण मी घाईत मीडिया न घेताच बॅकअप केला होता. फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी.

निवांत: फोटो तुम्ही आधीच आणलेत ना? मग फक्त पत्ते जुने आहेत. टूल्समध्ये मीडिया मॅनेजर आहे, त्यात पत्त्याचा जुना भाग बदलून नवा घालता येतो. त्याआधी एक बॅकअप घ्या.

पूर्वजप्रेमी: डीएनए किटची लिंक देऊ का?