नेम धरताना एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे? तातडीने मदत हवी आहे

मृण्मयी_सांगली (बुधवार, रात्री ९.२०)
रविवारी नेमबाजीची मॅच आहे आणि माझं सगळं बिघडलंय. दोन वर्षं मी एक डोळा मिटूनच नेम धरत आले. आता रेंजवर नवे सर आलेत. ते म्हणतात, दोन्ही डोळे उघडेच ठेवायचे, मिटलास की चेहरा आखडतो. सोमवारपासून तसं करतेय. पहिल्याच दिवशी दोन शॉट कार्डावर, म्हणजे समोरच्या लक्ष्याच्या कागदावर, लागलेच नाहीत. दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. आज तर समोर सगळं दोन-दोन दिसायला लागलं, पाऊण तासात पेटी बंद करून घरी आले.
मला एवढंच सांगा, मिटायचा की उघडा? कृपया "सराव करा" म्हणू नका, सराव रोज दोन तास चालतो.

सुभेदार_निवृत्त (९.४१)
मिटा. फौजेत २४ वर्षं काढली, त्यातली सहा रंगरुटांना शिकवण्यात. फौजेच्या हिंदीत नेमाला 'शिस्त' म्हणतात. डावा डोळा बंद, उजव्याने शिस्त, श्वास अर्धा सोडून थांबवायचा, मग ट्रिगर. हजारो पोरं याच पद्धतीने पास झाली. रविवारची मॅच असताना सोमवारी पद्धत बदलायला लावणाऱ्याला मी मास्तर म्हणणार नाही.

उडती_थाळी (९.५८)
काकांशी अजिबात सहमत नाही. मी अकरा वर्षं ट्रॅप (बंदुकीने उडत्या थाळ्या टिपायचा खेळ) खेळतोय. दोन्ही डोळे उघडे, दुसरा विचारच नको. एक डोळा मिटला की अर्धी नजर गेली आणि खोलीचा अंदाजही गेला. ११० मिलिमीटरची थाळी सुसाट निघते, ती कुठल्या कोनात चाललीय ते दोन डोळ्यांनीच कळतं. ताई, तुमचे नवे सर बरोबर सांगतात. आठवडाभर डोकं दुखेल, मग सवय होईल.

सुभेदार_निवृत्त (१०.०४)
तिचं कार्ड उडत नाही.

करवीरकर (१०.१०)
थांबा दोघेही. ताई, आधी हे सांगा: रायफल की पिस्तूल? हात कुठला? मिटत होता तो डोळा कुठला? चष्मा आहे का? आणि 'सगळं दोन-दोन' म्हणजे नेमकं काय दोन, कार्ड की साइट (नेम धरायची खाच आणि टोक)? याशिवाय कोणीही दिलेलं उत्तर अंदाजपंचे आहे.

मृण्मयी_सांगली (१०.१९)
पिस्तूल. दहा मीटर एअर पिस्तूल, ते लिहायचं राहिलं. हात उजवा, डोळा अर्थातच डावा मिटते. कार्डं दोन दिसतात. मागची खाचसुद्धा दोन दिसते, पण फिकट. पुढचं टोक एकच.

हक्काची_माहिती (१०.३१)
बऱ्याच जणांचा गैरसमज असतो म्हणून सांगतो. ४.५ मिमी बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर वेपनला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी प्रवासात खरेदीचं बिल आणि क्लबचं ओळखपत्र पिस्तुलासोबत ठेवा.

मृण्मयी_सांगली (१०.३३)
धन्यवाद, पण परवान्याचं मी विचारलंच नाहीये. माझा प्रश्न डोळ्याचा आहे.

अनुस्वार (१०.४०)
पॅरिस २०२४ चा तो तुर्की नेमबाज आठवतोय का? युसुफ डिकेच. ५१ वर्षांचा माणूस, ब्लाइंडर (डोळ्यापुढची झापड) नाही, नेमबाजीचा खास चष्मा नाही, एक हात खिशात, दोन्ही डोळे सताड उघडे, आणि एअर पिस्तूल मिश्र दुहेरीत रौप्य. यापुढे आणखी काय पुरावा हवा?

करवीरकर (१०.५२)
ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं. मेंदूने नको ती प्रतिमा बाजूला सारायला त्याला किती वर्षं मिळाली असतील बघा. त्याचं पाहून चार दिवसांत पद्धत बदलणं म्हणजे घात. आमच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे दिले. दुधाळीच्या रेंजवर लहानपणापासून पोरं बघतोय. एकाचा डोळा, मान, खांदा दुसऱ्यासारखा नसतो. ताई, चष्म्याचं राहिलं.

एनसीसी_कॅडेट_वाई (१०.५५)
मलापण हाच प्रश्न आहे. आम्हाला कॅम्पला पॉइंट टू टू रायफलने फायर करायला देतात आणि डावा डोळा मिटायला सांगतात. मला डावा एकटा मिटताच येत नाही, दोन्ही मिटतात. हाताने धरून ठेवावा लागतो. काय करू?

सुभेदार_निवृत्त (११.०२)
बाळा, टोपी डावीकडून खाली ओढ, नाहीतर उस्तादांना विचारून चष्म्याच्या काचेवर कागद लाव. हाताने धरू नकोस, दोन्ही हात रायफलला लागतात.

गणित_माझा_सोबती (११.२०)
नेमबाजीतलं मला काही कळत नाही, पण ते कार्डाबाहेर गेलेले दोन शॉट डोक्यातून जाईनात म्हणून आकडे मांडले. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर. पिस्तुलाचं पुढचं टोक डोळ्यापासून अंदाजे १ मीटर, कार्ड १० मीटर. नजर टोकावर स्थिर केली की कार्डाच्या दोन प्रतिमा दिसणारच, उजवी उजव्या डोळ्याची, डावी डाव्याची. खाच आणि टोक उजव्या डोळ्याच्या रेषेत धरायचं आणि वर कार्ड मात्र डाव्या डोळ्याचं घ्यायचं, असं झालं तर छर्रा ६ × ९ = ५४ सेंटिमीटर डावीकडे जाईल. कार्ड १७ सेंटिमीटरचं. म्हणजे लागणारच नाही.
ताई, ते दोन शॉट डावीकडे गेले होते का?

मृण्मयी_सांगली (११.२६)
हो!! डावीकडेच. माझ्या आणि शेजारच्या लेनच्या मधल्या फळीवर. दोन्ही ठपके एका वितीच्या आत. सरांना वाटलं ट्रिगर झटकला.
चष्मा आहे. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोन.

नेत्रा_ऑप्टो (११.४८)
मी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी) आहे, नेमबाज नाही. गणितवाल्यांनी दुखण्याच्या मुळावर बोट ठेवलंय. आता एक चाचणी करा, दोन मिनिटांची. दोन्ही हात लांब करा, तळवे समोर, अंगठे आणि बोटं जुळवून मधे रुपयाएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरची एखादी बारीक वस्तू बघा. हात न हलवता आधी डावा मिटा, मग उजवा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू फटीत दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. पाच-सहा वेळा करा, दर वेळी हात खाली आणून पुन्हा वर न्या. बहुतेकांचा उजवा निघतो, पण डावा निघणारे काही थोडेथोडके नाहीत. हाताचा आणि डोळ्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही.

मृण्मयी_सांगली (गुरुवार, सकाळी ६.१५)
झोप लागली नाही. दाराच्या कडीकडे बघून सात वेळा केलं. सातही वेळा उजवा मिटला तरी कडी जागेवर, डावा मिटला की कडी गायब.
म्हणजे माझा मुख्य डोळा डावा? आणि दोन वर्षं मी तोच मिटत आले? हे मला कोणी का सांगितलं नाही?

अनुस्वार (७.०५)
मग हात बदला! हंगेरीचा काराॅय ताकाच. १९३८ साली हातबॉम्ब फुटून उजवा हात निकामी झाला, डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकला. डावा डोळा, डावा हात, विषय संपला.

करवीरकर (७.३०)
अहो, १९३८ ते १९४८. मधे दहा वर्षं आहेत. हिच्याकडे तीन दिवस आहेत. शिवाय तिच्या पिस्तुलाची मूठ उजव्या हाताची असणार, डाव्या हातासाठी नवी घ्यावी लागेल. पिस्तुलात हात बदलण्याची सक्तीही नाही. पिस्तूल गालाला टेकत नाही, उजव्या हाताने धरून डाव्या डोळ्याने नेम धरणारे पुष्कळ आहेत. रायफलीत मात्र खांदाच बदलावा लागतो. पण हे सगळं मॅचनंतर. आत्ता डाव्या डोळ्यापुढे ब्लाइंडर लावा आणि डोळा उघडा ठेवा. चेहरा सैल राहील आणि दुसरं कार्डही जाईल.

उडती_थाळी (७.४४)
इथे मी माझं म्हणणं सुधारतो. डावा मुख्य आहे हे माहीत असतं तर मीही 'दोन्ही उघडे, सवय होईल' म्हटलं नसतं. आमच्या ट्रॅपमध्ये अशा मुलांच्या काचेवर टिकलीएवढी टेप लावतात, बरोबर बंदुकीच्या नळीच्या रेषेत. बाकी नजर मोकळी राहते. ताई, तुम्हीही टिकलीच लावा, पूर्ण ब्लाइंडर नको.

करवीरकर (७.५०)
टिकली हलत्या लक्ष्यासाठी. इथे मान जरा फिरली की टिकलीच्या कडेने कार्ड परत डोकावणार. तीस मिलिमीटरची पट्टी लावा.

उडती_थाळी (७.५३)
मी स्वतः दोघांना लावून दिलीय, सरकत नाही.

नेत्रा_ऑप्टो (८.२०)
टिकली की पट्टी ते लावून बघितल्यावर कळेल. माझा आग्रह एकाच गोष्टीचा, काळं काही लावू नका. एका डोळ्यापुढे अंधार केला की दोन्ही बाहुल्या थोड्या मोठ्या होतात, कारण त्या जोडीने चालतात. बाहुली मोठी झाली की टोक आणि बुल (कार्डावरचा काळा गोल) दोन्ही जमेल तितके स्पष्ट ठेवणं उजव्या डोळ्याला अवघड जातं. घट्ट मिटल्यावरही तेच, वर पापणीचे स्नायू ओढले जातात. धुरकट, अर्धपारदर्शक काहीतरी घ्या. दुधी चिकटपट्टी किंवा ट्रेसिंग पेपर. उजेड आत येतो, आकार येत नाही.
दुसरं, उणे सव्वादोनच्या चष्म्यातून बघताना मान अशी ठेवा की काचेच्या मधोमध बघाल. कडेतून बघितलं तर टोक धूसर होणार. बहुतेक नेमबाज खास फ्रेम घेतात ती यासाठीच, काच नजरेसमोर सरळ आणता येते.

मृण्मयी_सांगली (८.३१)
मॅचआधीच्या तपासणीला पट्टी चालेल का? रविवारी पंच अडवतील का?

करवीरकर (८.४०)
चालेल. न वापरायच्या डोळ्यापुढची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, बाजूचा ब्लाइंडर ४० पेक्षा खोल नको. फूटपट्टीने मोजूनच लावा, तपासणीत वाद नको. कागदी कार्डं असतील तर ६० शॉटना ९० मिनिटं, इलेक्ट्रॉनिक असेल तर ७५. एवढा वेळ पापणी दाबून धरणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे.

सुभेदार_निवृत्त (९.१५)
मी पहिल्याच प्रतिसादात 'मिटा' म्हणालो होतो. ते मागे घेत नाही, पण एक सांगायचं आहे. सातारा भागातला एक पोरगा माझ्या तुकडीत होता. डावा डोळा एकटा मिटायचाच नाही त्याला, मिटला तर आख्खा चेहरा वाकडा व्हायचा. फायर नेहमी टार्गेटबाहेर. मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, ऊन होतं, मे महिना. शेवटी दुसऱ्या उस्तादाने त्याला रायफल डाव्या खांद्याला लावून बघायला सांगितली. त्या दिवशी त्याने पाचही गोळ्या कागदात घातल्या. त्याचा डोळा डावा होता, तुमच्यासारखाच. त्या फेऱ्या मला आजही बोचतात. मुली, तुझा ट्रिगर झटकला नव्हता. सरांना ती फळी दाखव आणि हे सगळं सांग.

एनसीसी_कॅडेट_वाई (९.४०)
मी पण चाचणी केली. माझा उजवा निघाला. फक्त मिटता येत नाही एवढंच. कागद लावतो.

मृण्मयी_सांगली (शुक्रवार, रात्री ९.५०)
काल दुपारी ट्रेसिंग पेपरची पट्टी कापली, २८ मिमी, डाव्या काचेवर आतून चिकटवली. आधी घरात पांढऱ्या भिंतीसमोर कार्डाशिवाय नुसतं टोक आणि खाच. खाच एकच दिसली. खूप वेळ तशीच उभी राहिले.
आज रेंजवर वीस शॉट, १७६ गुण. माझं नेहमीचं ६० ला ५४० च्या आसपास असतं, म्हणजे अजून तिथे पोचले नाही. पण एकही शॉट कार्डाबाहेर नाही आणि कपाळ दुखलं नाही. तेराव्या शॉटनंतर लक्षात आलं की जबडा सैल आहे. एरवी दाताला दात लागलेले असतात. कार्ड अजून थोडं भुतासारखं हलतं डावीकडे, पण फिकट, टोकाकडे बघितलं की जातं. उडती_थाळी, टिकलीही लावून पाहिली. मान वळली की कार्ड परत येत होतं, म्हणून पट्टीच ठेवते.
सरांना फळी दाखवली. त्यांनी माझी चाचणी पुन्हा घेतली, मग स्वतःची, मग रेंजवरच्या सहा मुलांची. दोघांचे डावे निघाले.
रविवारी पट्टी लावूनच खेळणार. डाव्या डोळ्याने नेम धरायचं त्यानंतर बघेन.
एकच, पट्टी आज दोनदा निघाली आणि काचेवर डिंक राहिला. घासून जात नाही. काय लावू?

चष्मिष (१०.०२)
नेलपॉलिश काढायचं लावा, झटक्यात जातं.

नेत्रा_ऑप्टो (१०.०४)
अजिबात नको! त्यात ॲसिटोन असतं, काचेवरचा लेप उतरेल आणि फ्रेम प्लास्टिकची असेल तर तीही खराब होईल. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाने हलकेच फिरवा, मऊ सुती कापडाने टिपा. आणि पट्टी पूर्ण कोरड्या काचेवर लावा, नाहीतर रविवारी घामाने परत सुटेल.