मुलगा कोळशाच्या खाणीत लागलाय. "फॅन बंद पडला म्हणून वर काढलं" म्हणजे काय?

अशोकचौक_आई

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. घरी चार यंत्रमाग आहेत, टॉवेलचं काम. खाणीतलं घरात कुणालाच काही कळत नाही. धाकटा मायनिंगचा डिप्लोमा करून चार महिन्यांपूर्वी चंद्रपूरकडं एका भूमिगत कोळसा खाणीत लागला. परवा फोनवर सहज बोलून गेला, "आई, आज फॅन बंद पडला, सगळ्यांना वर काढलं, तीन तास बसून होतो." आणि जेवायला निघून गेला. मला मात्र रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आमच्या शेडमध्ये पंखा बंद पडला तर घाम येतो, चिडचिड होते, पण काम सोडून कुणी बाहेर पळत नाही. मग खाली एका पंख्यासाठी सगळी पाळी वर का काढतात? गॅस गॅस म्हणतात तो कुठून येतो? त्याला विचारलं की "काही नसतं गं" एवढंच. नोकरी सोड असं मी त्याला म्हणणार नाही, मिळवायला फार कष्ट केलेत त्यानं. फक्त फोनवर त्याला काय विचारू म्हणजे तिथं सगळं नीट चाललंय की नाही ते मला कळेल, एवढं जाणकारांनी सांगा.

होटगीरोड

ताई, माझा भाचा उघड्या खाणीत डंपरवर आहे. तिथं हवेचा प्रश्न येत नाही. तिकडं बदली मिळते का बघायला सांगा.

निवृत्त_ओव्हरमन

ताई, मी मूळचा मंगळवेढ्याचा. 31 वर्षं जमिनीखाली काढली. मायनिंग सरदार म्हणजे खाली पाळीतली माणसं आणि गॅस बघणारा म्हणून लागलो, त्याच्या वरचा ओव्हरमन म्हणून निवृत्त झालो, आता जुळे सोलापूरला राहतो. आधी एक सांगतो, तुमच्या मुलाला वर काढलं हे चांगलं झालं. फॅन बंद पडल्यावरही जिथं काम चालू ठेवतात, त्या खाणीची मला जास्त भीती वाटते.

आमच्या भागात ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात ठेवायचे, तुम्ही ऐकलं असेल. आजोबांचं पेव वाड्याच्या अंगणात होतं. तोंडावरचा दगड काढला की आजोबा लगेच कुणाला उतरू द्यायचे नाहीत. दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आणखी थांबायचं. कारण धान्यसुद्धा श्वास घेतं. आतला ऑक्सिजन संपवतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि तो जड असल्यानं तळाला बसतो. कोळसाही उघडा पडला की हवेतला ऑक्सिजन असाच खात राहतो. शिवाय त्याच्या पोटात मिथेन साठलेला असतो, तो कोळसा फोडला की सुटतो. मिथेन हवेपेक्षा हलका, छताला जाऊन चिकटतो. त्याला ना रंग, ना वास. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की एका ठिणगीला स्फोट होतो. झारखंडातल्या भाटडीह खाणीत 6 सप्टेंबर 2006 ला असाच स्फोट झाला आणि 50 माणसं गेली.

यावर उपाय एकच, हवा सतत वाहती ठेवायची. जमिनीवर मोठा फॅन असतो, तो खाणीतली हवा बाहेर ओढतो. म्हणजे दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आपोआप आत येते. येणाऱ्या वाटेला इनटेक म्हणतात, जाणाऱ्या वाटेला रिटर्न. मधे भिंती, दारं आणि ब्रॅटिसचे म्हणजे जाड कापडाचे पडदे लावून हवेला वळवत वळवत फेसपर्यंत, जिथं कोळसा निघतो तिथपर्यंत न्यायचं. नियमानं पाळीतल्या दर माणसामागं मिनिटाला निदान 6 घनमीटर हवा लागते. हवेत ऑक्सिजन 19 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यापुढं नको. मिथेन कुठंही सव्वा टक्का झाला की वीज बंद आणि माणसं मागं. फॅन थांबला की हे आकडे हळूहळू सरकायला लागतात, म्हणून आकडा गाठायची वाट न बघता वर काढतात. फॅन सुरू झाला म्हणून लगेच उतरवतही नाहीत. आधी सरदार गॅस तपासत फिरतो, मग वीज, मग माणसं. ते तीन तास त्यातच गेले असणार.

पण ताई, फॅन बंद पडला तर निदान सगळ्यांना कळतं. माझ्या अनुभवात खरी भीती असते ती फॅन चालू असताना हवा वाट चुकण्याची. एकदा सकाळच्या पाळीला उतरलो. इनटेक आणि रिटर्नच्या मधल्या दाराला कुणीतरी लाकडी ठोकळा लावून ते उघडं ठेवलं होतं, कोळशाचे टब नेताना दर वेळी उघड-झाक नको म्हणून. दारापाशी वारा इतका की शर्ट फडफडत होता. तिथून पुढं गेलो तर फेसवरचा पडदा अगदी गप्प लोंबत होता. तो बघूनच माझ्या पोटात गोळा आला. हवा जवळच्या वाटेनं परत फिरत होती, माणसांपर्यंत पोचतच नव्हती. सेफ्टी लॅम्पची, म्हणजे जाळीत बंद असलेल्या दिव्याची वात बारीक केली आणि हात सावकाश छताकडं नेला. ज्योतीच्या टोकावर फिकट निळी टोपी उठली. ती टोपी म्हणजे गॅस. दिवा झटका न देता हळू खाली घेतला, सात जणांना मागं आणलं, वीज तोडायला लावली, दार बंद केलं. बऱ्याच वेळानं तो पडदा परत फुगायला लागला, तेव्हा कुठं मी खाली बसलो. ठोकळा लावणारा मुलगा वाईट नव्हता, त्याला दाराचं काम कुणी समजावलंच नव्हतं. त्या दिवसापासून नवीन माणूस आला की मी त्याला आधी दारापाशी न्यायचो. दार उघडून धरायला लावायचो आणि पुढचा पडदा कसा पडतो ते दाखवायचो.

आणखी एक. कोळसा काढून झाल्यावर मागं सोडलेल्या भागाला गोफ म्हणतात. तिथं उरलेला कोळसा हवेनं आतल्या आत तापतो. छताला घामासारखे थेंब येतात, घासलेटासारखा वास सुटतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो सगळ्यात कपटी. रक्तात ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो. पश्चिम बंगालमध्ये न्यू केंदा खाणीत 25 जानेवारी 1994 ला आग लागली आणि विषारी वायूनं 55 जण गेले. म्हणून असा भाग पक्की भिंत घालून बंद करतात. आभाळ भरून हवेचा दाब उतरला की आतला वायू भिंतीच्या फटींतून बाहेर येऊ बघतो. त्यासाठीच खाणीवर बॅरोमीटर असतो.

तुम्ही घामाचं लिहिलंत, तेही चुकीचं नाही. सोलापूरचं ऊन 43-44 ला जातं तरी हवा कोरडी, घाम वाळतो. खाली हवा दमट असते, घाम वाळत नाही, माणूस भोवळ येऊन पडतो. त्याचीही मर्यादा नियमात आहे.

आता फोनवर काय विचारायचं. सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेत बाहेर पडेपर्यंत श्वास घ्यायचं यंत्र, रोज कमरेला लावतोस का, आणि अंधारात हातानं चाचपून उघडता येतो का? बाहेर यायच्या दुसऱ्या वाटेनं तू स्वतः चालून आलास का? पडदा फाटलेला किंवा दार उघडं दिसलं तर सांगतोस का, आणि सांगितल्यावर वरचे लोक ऐकून घेतात की ओरडतात? या शेवटच्या प्रश्नाला तो काय म्हणतो ते नीट ऐका. खाण कशी आहे ते मला नेहमी त्यावरूनच कळलं. "काही नसतं गं" म्हणू देऊ नका.

यारीवाला_मोहोळ

काका, पेवाचं वाचून लिहितोय. माझा विहीर खोदाईचा धंदा आहे, यारीवर, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनवर आठ माणसं. सुरुंग उडवल्यावर आम्ही धूर जाईपर्यंत थांबतो, जुन्या विहिरीत मेणबत्ती सोडून बघतो. जळत राहिली की उतरतो. हे बरोबर आहे ना?

निवृत्त_ओव्हरमन

भाऊ, विचारलंत ते फार बरं केलंत. कोळशाच्या खाणीत उघडी ज्योत न्यायचीच नाही, आमचा दिवा जाळीत बंद असायचा. विहिरीत मेणबत्ती विझली तर उतरू नका हे खरं, पण जळत राहिली म्हणजे हवा चांगली असं अजिबात धरू नका. ऑक्सिजन साधारण 17 टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते, तेवढंच ती सांगते. सुरुंगाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका असला तरी मेणबत्ती खुशाल जळते. त्याचा वास येत नाही, म्हणून धूर दिसेनासा झाला एवढ्यावरही जाऊ नका. वायू मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आठ माणसांच्या जिवापुढं त्याची किंमत काही नाही. ते येईपर्यंत ब्लोअरला पाइप लावून तळापर्यंत हवा सोडा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसू नका. आणि आत एक जण पडला तर त्याला काढायला दुसरा तसाच उतरता कामा नये. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर आधीच बांधलेला असू द्या, म्हणजे वरून ओढता येईल.

यारीवाला_मोहोळ

दोर आम्ही बांधत नव्हतो. उद्यापासून बांधतो काका.

अशोकचौक_आई

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. काल रात्री त्याला सगळं विचारलं. आधी हसला, मग गप्प झाला. रेस्क्यूअर रोज लावतो म्हणाला. मागच्या महिन्यात फाटका पडदा त्यानंच सरदारांना दाखवला होता, त्यांनी त्याच पाळीत बदलून घेतला. दुसरी वाट मात्र नकाशावरच बघितली आहे, चालून आलेला नाही. या आठवड्यात परवानगी घेऊन कुणासोबत तरी चालून येतो म्हणालाय. आल्यावर आधी मला फोन कर म्हणून सांगितलंय.

निवृत्त_ओव्हरमन

ताई, चालून आला की किती मिनिटं लागली तेही विचारा. त्याचा रेस्क्यूअर तीस मिनिटांचा असेल आणि वाट चाळीस मिनिटांची, तर मधे दुसरे रेस्क्यूअर कुठं ठेवलेत ते त्यानं त्याच दिवशी सरदारांना विचारून, जागेवर जाऊन बघायला हवं.