सल्ला हवा आहे : कोल्ड आयर्नची तलवार अभिमंत्रित करून घ्यावी का?

रानवाट :
नमस्कार. आमचा गट पाथफाइंडर या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळाची पहिली आवृत्ती खेळतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ नियमांवर उभी असलेली आणि २००९ साली आलेली. माझा फायटर (म्हणजे लढवय्या पात्र) सहाव्या लेव्हलला पोहोचला असून त्याच्याकडे साधी मास्टरवर्क (म्हणजे उत्तम घडणीची) लाँगस्वर्ड आणि खर्चासाठी सुमारे ५,००० सुवर्णमुद्रा आहेत. सध्याचे कॅम्पेन फे (परीकथेतल्या वनदेवतांसारख्या) प्राण्यांनी भरलेल्या अरण्यात चालू आहे, आणि पुढे डेमन (राक्षस) येणार असल्याचे गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) पुरेसे सूचित केले आहे. त्यामुळे +१ (हल्ला आणि इजा यांवर जादूचा एक बोनस असलेली) कोल्ड आयर्न, म्हणजे फे आणि काही डेमन यांना पूर्ण इजा करणाऱ्या खास लोखंडाची, लाँगस्वर्ड घ्यावी असे वाटते. तिचा हिशेब असा : १५ ची तलवार दुप्पट दराने ३०, मास्टरवर्कचे ३००, +१ चे २,०००, आणि कोल्ड आयर्न अभिमंत्रित करण्याचा जादा आकार २,०००, एकूण ४,३३०. हा शेवटचा आकार मला खटकतो. त्याऐवजी ॲडमॅन्टाइन हा अतिकठीण धातू घ्यावा का, किंवा काही तिसरा मार्ग आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ऐरणीवरचा :
आपला हिशेब बरोबर आहे, परंतु त्या ४,३३० मुद्रांतून नेमके काय पदरात पडते ते पाहू. मास्टरवर्क शस्त्राचा हल्ल्यावरचा +१ आणि जादूचा +१ यांची बेरीज होत नाही. म्हणजेच ३३० मुद्रांची, जादू नसलेली मास्टरवर्क कोल्ड आयर्न तलवार आणि आपली ४,३३० ची तलवार या दोन्हींचा नेम सारखाच लागतो. फरक पडतो तो प्रत्येक घावामागे इजेच्या एका गुणाचा. स्ट्रेंग्थचा +४ धरला, तर पहिलीचा सरासरी घाव ८.५ आणि दुसरीचा ९.५ होतो. एका गुणासाठी ४,००० मुद्रा मोजणे मला तरी पटत नाही.

आता साध्या पोलादाच्या +१ तलवारीकडे वळू. तिची किंमत २,३१५ आहे. आपल्या हातातली तलवार मास्टरवर्क असल्यामुळे ती अभिमंत्रित करून घेण्यास केवळ २,००० लागतील. सॅटर या फेचे डॅमेज रिडक्शन ५/कोल्ड आयर्न आहे, म्हणजे इतर धातूच्या घावातून ५ गुण वजा होतात, तेव्हा ९.५ चा घाव ४.५ वर येतो, आणि निंफचे १०/कोल्ड आयर्न असल्यामुळे तिच्यावर तो जवळजवळ वाया जातो. म्हणून दोन तलवारी बाळगाव्यात : अभिमंत्रित पोलादी तलवार नेहमीच्या वापरासाठी आणि ३३० ची कोल्ड आयर्न तलवार फे समोर आल्यावर काढण्यासाठी. दोन्ही मिळून २,३३० मुद्रा लागतात. जादूची तलवार मात्र हवीच, कारण इन्कॉर्पोरिअल (भुतांसारख्या, शरीर नसलेल्या) प्राण्यांना बिनजादूच्या शस्त्राने, ते कोणत्याही धातूचे असले तरी, इजा होत नाही.

तीरकमठा :
आपल्या गटात तिरंदाज असेल, तर हा प्रश्न त्याच्यापुरता केव्हाच सुटलेला आहे. कोल्ड आयर्नचे वीस बाण २ मुद्रांना मिळतात. धनुष्याची जादू बाणाला लागू होते आणि धातूचा गुण बाणाकडून येतो, त्यामुळे जादा आकार कुठेच भरावा लागत नाही. ॲडमॅन्टाइनचा एक बाण मात्र ६० मुद्रांना पडतो; तेथे वेपन ब्लँच (शस्त्रावर लावून त्या धातूचा गुण देणारी पूड) वापरावे. शंभर मुद्रांच्या एका पुडीत दहा बाण होतात आणि बाणावरचा लेप तो सोडेपर्यंत टिकतो. तलवारीवर हाच लेप पहिल्या यशस्वी घावासरशी संपतो.

विसपैलू :
ऐरणीवरचा यांची आकडेमोड मान्य आहे, परंतु दोन तलवारी बाळगण्यातला एक तोटा त्यांनी धरलेला नाही. सहाव्या लेव्हलच्या फायटरला एका फेरीत दोन हल्ले मिळतात. शत्रू ओळखून तलवार बदलायची म्हटली, तर क्विक ड्रॉ (शस्त्र झटकन उपसण्याचे कौशल्य) नसताना ती उपसण्यात मूव्ह ॲक्शन (फेरीतली हालचालीची कृती) जाते आणि पूर्ण हल्ल्याची संधी हुकते. पहिली तलवार खाली न टाकता म्यान करायची असेल तर आणखी एक. ज्या अरण्यात निम्म्या लढाया फे प्राण्यांशी होतात, तेथे हा तोटा दर वेळी सोसावा लागेल. शिवाय तो जादा आकार शस्त्र पहिल्यांदा अभिमंत्रित करतानाच द्यायचा असतो. पुढे +२ किंवा +३ करताना तो पुन्हा द्यावा लागत नाही.

तरीही मी त्या २,००० च्या विरोधात आहे, पण माझे कारण वेगळे आहे. पाथफाइंडरमध्ये डॅमेज रिडक्शन भेदताना +३ शस्त्र कोल्ड आयर्न आणि सिल्व्हर या दोन्हींची बरोबरी करते, +४ ॲडमॅन्टाइनची आणि +५ गुड-ईव्हिलसारख्या अलाइनमेंटची (नैतिक कलाची). ३.५ मध्ये ही सोय नव्हती, म्हणून तेथून आलेले खेळाडू हा नियम हमखास विसरतात. यात केवळ खरा एन्हान्समेंट बोनस (म्हणजे +१, +२ हा आकडा) मोजतात. आगीचा जादा गुण असलेल्या +१ फ्लेमिंगला कोणी +२ समजू नये. साधी +३ लाँगस्वर्ड १८,३१५ ला पडते, म्हणजे नवव्या-दहाव्या लेव्हलच्या सुमारास ती आवाक्यात येते. तोवरच्या तीन-चार लेव्हलसाठी २,००० मोजायचे का, इतकाच प्रश्न उरतो.

डेमनविषयीही एक गैरसमज दूर करतो. व्हरॉक आणि ग्लाब्रेझू या डेमनांचे डॅमेज रिडक्शन १०/गुड आहे, म्हणजे शस्त्र ‘गुड’ असावे लागते. तेथे कोल्ड आयर्नचा काहीही उपयोग नाही. बेलोरचे तर १५/कोल्ड आयर्न आणि गुड, म्हणजे दोन्ही गुण एकाच शस्त्रात हवेत. यावर आपल्या क्लेरिकचा (देवाच्या उपासक पात्राचा) अलाइन वेपन हा शस्त्राला ‘गुड’ करणारा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र कोणत्याही धातूपेक्षा स्वस्त पडतो.

ॲडमॅन्टाइनच्या ३,००० मध्ये मास्टरवर्कचे ३०० धरलेले असतात आणि अभिमंत्रित करण्यास जादा आकार नसतो. २० पेक्षा कमी हार्डनेस (वस्तूचा टणकपणा) ते जुमानत नाही, त्यामुळे दारे, साखळ्या आणि गोलेम (जादूने चालणारे पुतळे) यांच्यापुढे ते उत्तम ठरते, आणि तलवार +४ झाल्यानंतरही हार्डनेस भेदण्याचा गुण ॲडमॅन्टाइनपाशीच राहतो. अरण्यात मात्र आपल्याला त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

रानवाट :
आपणा सर्वांचे आभार. माझी तलवार अभिमंत्रित करून घेतो आणि ३३० ची कोल्ड आयर्न तलवार सोबत ठेवतो. सातव्या लेव्हलला क्विक ड्रॉ घेण्याचा विचार आहे. एकच शंका उरते : त्याच कोल्ड आयर्नवर अल्केमिकल सिल्व्हरचा (किमयेने चढवायच्या चांदीचा) मुलामा देता येईल का?

ऐरणीवरचा :
नाही. ही प्रक्रिया कोल्ड आयर्न, ॲडमॅन्टाइन आणि मिथ्रल या खास धातूंवर चालत नाही, आणि धारदार शस्त्रावर तिच्यामुळे घावातून एक गुण वजाही होतो. वेअरवुल्फची (चांदीनेच पूर्ण इजा होणाऱ्या लांडगा-माणसाची) भीती असेल, तर ५ मुद्रांचे सिल्व्हर वेपन ब्लँच पिशवीत ठेवावे किंवा २५० ची सिल्व्हरशीन (चांदीचाच एक लेप) घ्यावी, जी तासभर टिकते. खरेदीला जाताना गावाचा आकारही पाहावा : स्मॉल टाउनमध्ये १,००० मुद्रांपर्यंतच्याच वस्तू सहसा मिळतात आणि लार्ज टाउनमध्ये २,००० पर्यंतच्या, त्यामुळे तलवार अभिमंत्रित करून देणारा कारागीर कोणत्या गावात आहे हे गेममास्टरला आधीच विचारून घ्यावे.