श्रावण लागला! तुम्ही काय वाचताय, काय बघताय?

केतकी_वन
काल दिव्याच्या अवसेसाठी समया, निरांजनं घासायला काढली, तर पितळी डब्याच्या तळाशी आजीचं कहाण्यांचं पुस्तक सापडलं. पानांवर हळदीचे डाग, शुक्रवारच्या कहाणीवर तेलाचं बोट उमटलेलं. आजी मुठीत अक्षता देऊन बसवायची आणि ‘सुफळ संपूर्ण’ होईपर्यंत उठू द्यायची नाही. मला ते फार आवडायचं.

श्रावणाचे पहिले काही दिवस मी अजूनही मोकळे ठेवते. कुठे जाणं-येणं नाही. दुपारी वाचन, रात्री आवडती जुनी मालिका. यंदा पुन्हा ‘व्योमकेश बक्षी’ लावलंय. 1993 सालचं आहे, पण रजित कपूर खोलीत शिरल्या शिरल्या जी नजर फिरवतो ना, ती बघायला मी कितीही वेळा बसेन. तेव्हा भाग चुकला की चुकलाच. आता हवा तिथे थांबवून चहा टाकता येतो.

तुमचं सांगा.

गोदाकाठ
आमच्या गावात मारुतीच्या देवळात पांडवप्रताप लागतो, म्हणजे श्रीधरस्वामींची महाभारतावरची पोथी. 64 अध्याय, रोज दोन-तीन करत पोळ्याच्या आत समाप्ती. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. पुढे बसलेल्या कित्येक म्हाताऱ्यांना अक्षर ओळख नाही, पण वाचणाऱ्याचा शब्द चुकला की खालून लगेच दुरुस्ती येते. अभिमन्यूच्या वेळी दरवर्षी बायकांचे पदर डोळ्यांना. 1988 ला टीव्हीवर महाभारत सुरू झालं तेव्हा सगळं गाव एका घरात जमायचं, आणि आमचे थोरले चुलते प्रत्येक प्रसंगाला ‘श्रीधरस्वामींनी असं नाही सांगितलं’ म्हणून मालिका मध्येच थांबवल्यासारखं बोलायचे. पोरं वैतागायची, पण पोथीतलं मला जे आठवतं ते त्यांच्यामुळेच.

सावळी
@गोदाकाठ काकांना नमस्कार सांगा 😄 आमच्याकडे आत्या होती तशी.

निमा_इंदूर
आमच्या शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागतो, आपला 15 दिवसांनी. म्हणजे राखीला त्यांचा संपतो आणि आपला अर्धा बाकी. मुलांची चैन, दोन्ही घरचं गोडधोड. वाचन वगैरे जमत नाहीये, घरात रंगकाम चालू आहे.

रात्रपाळी
वॉर्डातून सुटल्यावर लोकलमध्ये शिवलीलामृताचा अकरावा ऐकते, कानात यंत्र घालून. घरी आल्यावर पडदे ओढायचे आणि ‘मालगुडी डेज’चा एक भाग, मग झोप. शंकर नाग यांनी ते आगुंब्याला चित्रित केलं. एकदा जायचंय तिथे, भर पावसात. रात्रभर घंटा आणि हाका ऐकल्यावर त्या मालिकेतली ती संथ गल्ली मला औषध वाटते.

केतकी_वन
@रात्रपाळी नीट झोप घे ग. जेवतेस का वेळेवर?

रात्रपाळी
हो ग, सासूबाई डबा देतात. सोमवारी साबुदाणा नको म्हटलं तर भगर येते ❤️

चिंगीची_आई
विषय सोडून विचारते. कणकेच्या दिव्यांना गूळ किती? माझे दरवेळी वाफवताना बसतात.

सावळी
@चिंगीची_आई वाटीभर कणकेला अर्धी वाटी गूळ. गूळ थोड्याच पाण्यात विरघळवून घे, कडकडीत मोहन घाल आणि पीठ घट्टच भिजव. सैल झालं की बसणारच. खाताना वर भरपूर तूप.

फोंडेकार
आमच्या गोव्यात श्रावणात आयतार (रविवार) पूजतात. पत्री गोळा करायला सकाळीच भावंडं डोंगराला. पंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. वाफ आली की घरभर जो वास सुटतो, त्यापुढे मालिका कोण बघणार!

परसदार_न्यूजर्सी
इथे श्रावण म्हणजे कडक ऑगस्ट, पाऊस असलाच तर दहा मिनिटं. शुक्रवारी आईची संध्याकाळ ती माझी सकाळ. ती तिकडून कहाणी वाचते, मी ऑफिसला निघण्याआधी हातात तांदूळ घेऊन फोनपुढे बसते. 2023 ला अधिक श्रावण आला तेव्हा ‘निजात पुन्हा वाचू’ म्हणाली आणि वाचलीच.

मुग्धा_स
आई गेल्यापासून जिवतीचा कागद लावला नाही. परवा दुकानात दिसला. वर नरसिंह, कालियावर कृष्ण, मध्ये पोरांनी वेढलेली जिवती, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. लहानपणी मी आईला रोज विचारायचे, वाघ चावत कसा नाही? घेऊन आलेय. अजून गुंडाळी सोडली नाही.

गोदाकाठ
ताई, लावा. मनापासून सांगतो.

केतकी_वन
मुग्धा, शुक्रवारी लाव. कहाणी हवी असेल तर मी फोनवर वाचते, खरंच.

मुग्धा_स
चालेल. साडेसहानंतर कर. पण आघाडा कुठे मिळेल? इथे कोथरूडात कुणाकडे दिसला नाही.

सावळी
मंडईत जा, पत्रीवाल्या बाहेरच बसतात. सकाळी लवकर, उशीर केला की नुसत्या दुर्वा उरतात.