'अस्मिता चित्र'ची सुरुवात कशी झाली?

ऋतुजा_के
परवा आईबरोबर 'चौकट राजा' पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत पाहिला. मीनलचं काम करणाऱ्या स्मिता तळवलकर निर्मात्याही आहेत हे नामावलीत वाचलं. आई म्हणाली, "अगं, आम्हाला त्या आधी बातम्यांमधूनच माहीत!" 'अवंतिका' ही मालिकाही त्यांच्याच 'अस्मिता चित्र' या निर्मितीसंस्थेची, असं तिनेच सांगितलं. बातम्या देणारी बाई निर्माती कशी झाली? आणि चित्रपट सोडून मालिकांकडे का वळली? तो काळ पाहिलेल्यांनी लिहा ना.

मिलिंद७१
दूरदर्शनवर त्यांनी 17 वर्षं बातम्या दिल्या. मग 1986 च्या सुमारास 'तू सौभाग्यवती हो', 'गडबड घोटाळा' यांत कामं केली. निर्माती म्हणून 'कळत नकळत' 1989 चा, दिग्दर्शक कांचन नायक. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाकी जाणकार सांगतीलच.

रात्रीचा_खेळ
ऋतुजाताई, मी 1987 ते 2001 तालुक्याच्या गावी एका थिएटरच्या ऑफिसात होतो. रात्रीचा खेळ सुरू झाला की डीसीआर, म्हणजे रोजच्या तिकीटविक्रीचा तक्ता, लिहायचं काम माझं. कुठल्या वर्गाची किती तिकिटं गेली, निव्वळ किती, करमणूक कर किती. तिकीटपुस्तकांवर कर खात्याचा शिक्का नसेल तर खिडकी उघडायची सोय नव्हती. कराच्या रकान्यात खाडाखोड झाली तर मालक अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे.

हे सांगतोय कारण त्या रकान्याला मराठी निर्मात्यांच्या लेखी फार किंमत होती. सरकारची करपरतावा योजना होती. चित्रपटावर जमा झालेला कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्याने पुढचा मराठी चित्रपट काढला तर. म्हणजे एक काढून थांबणाऱ्याला फायदा नाही, दुसरा काढणाऱ्याला हात. नवीन माणसाची संस्था टिकायची तर हा आधार मोठाच होता.

पण योजना सगळ्यांनाच होती, आणि त्या दिवसांत बहुतेक जण विनोदी चित्रपट काढत होते. आमच्याकडे 'कळत नकळत'च्या रिळांच्या पेट्या उतरल्या तेव्हा मालकांचा पहिला प्रश्न, "विनोदी आहे ना?" नव्हता. नवरा दुसरीत गुंतलाय, बायकोला कळलंय आणि घरात मुलं आहेत. विक्रम गोखले, सविता प्रभुणे, अश्विनी भावे. पहिलंच पाऊल असं टाकायला छाती लागते, ती बाईंकडे होती.

'चौकट राजा' 1991 चा. शुक्रवार-शनिवार थंड गेला. मालक चित्रपट बदलायच्या बेतात होते. मंगळवारी मॅटिनीला बायका आल्या, बुधवारी त्यांच्या शेजारणी आल्या, आणि त्या आठवड्यात बाल्कनीचं तिकीटपुस्तक मला दोनदा नवीन काढावं लागलं. आमचा डोअरकीपर 'एक झोका' हे गाणं सुरू झालं की दाराचा काळा पडदा सारून आत येऊन उभा राहायचा. रोज, प्रत्येक खेळाला. त्याचा धाकटा भाऊ चित्रपटातल्या मतिमंद नंदूसारखाच होता. नंदू झालेल्या दिलीप प्रभावळकरांचं काम बघून तो एवढंच म्हणाला, "हात अगदी अस्सेच धरतो."

मालिकांचं म्हणाल तर चित्रपट त्यांनी सोडले नाहीत. 'सवत माझी लाडकी' 1993 मध्ये स्वतः दिग्दर्शित केला. 1998 च्या 'तू तिथे मी'ला पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार. पण तोवर घरोघरी केबल आली होती आणि माझ्या डीसीआरमधला मॅटिनीचा आकडा रोडावत चालला होता. 1999 मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली, 2002 मध्ये 'अवंतिका'. मंगळवारच्या मॅटिनीच्या त्याच बायका आता जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसायला लागल्या होत्या.

ऋतुजा_के
काका, डोअरकीपरचं वाचून आईला पण वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्पच बसली. 'अवंतिका'चे दिग्दर्शकही चित्रपटांचेच होते का?

शुभदा_जोशी
हो, संजय सूरकर. 'चौकट राजा', 'तू तिथे मी', 'अवंतिका', 2004 चा 'सातच्या आत घरात', सगळीकडे तेच. माझ्या मते या संस्थेचं खरं बळ हेच. संगीतकार आनंद मोडक आणि गीतकार सुधीर मोघे ही जोडीही 'कळत नकळत' आणि 'चौकट राजा' दोन्हीकडे आहे. माणसं धरून ठेवली म्हणून मृणाल कुलकर्णींची अवंतिका मालिकेतली असूनही सिनेमातल्या बाईसारखी सावकाश उलगडली. घाईघाईत ओरडून काही नाही. पुढे 'ऊन पाऊस', 'सुवासिनी' आल्या, पण मला 'अवंतिका'ची सर कशालाच वाटली नाही.

सूरकर सप्टेंबर 2012 मध्ये गेले, स्मिताताई ऑगस्ट 2014 मध्ये. दोन वर्षांत दोघंही. त्या बातमीच्या दिवशी मी 'अवंतिका'चं शीर्षकगीत शोधून ऐकलं होतं.

रात्रीचा_खेळ
शुभदाताई, जोडीबद्दल अगदी खरं. ऋतुजाताई, आता आईंबरोबर 'कळत नकळत' बघा. 'नाकावरच्या रागाला' हे गाणं त्यातलंच, अशोक सराफांनी स्वतः गायलेलं. आमच्याकडे त्या गाण्याला पोरं खुर्च्यांवर उभी राहायची आणि कोणी त्यांना खाली बसा म्हणायचं नाही.