मदत हवी आहे : ग्रेस्केल लावूनही प्रिंट हिरवट, रंगीत शाईही उतरते

महालकर :
चार टाक्यांचा इंकटँक प्रिंटर, विंडोज ११. सातबारा आणि प्रोजेक्टची पानं फक्त काळ्यात काढायची असतात. प्रेफरन्सेसमध्ये ग्रेस्केलवर टिक आहे, तरी राखाडी भाग हिरवट येऊन राहिला आणि रंगीत टाक्यांची पातळीही खाली जाते. दुसऱ्या युजरनं लॉगिन केलं की टिक गायब. ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) दोनदा काढून टाकला. कागद साधा ७० जीएसएम. पेपर टाइप ‘मॅट’ ठेवलाय, कारण त्यात प्रिंट गडद निघते.

शाईवाला :
मॅट, तिथंच घोळ आहे. ग्रेस्केल म्हणजे ‘फक्त काळी शाई’ नव्हे. फाइलमधले रंग काढायचे एवढंच ते सांगतं. उरलेला राखाडी कोणत्या शाईनं भरायचा हे ड्रायव्हर कागदाचा प्रकार पाहून ठरवतो. मॅट किंवा फोटो कागद म्हटला की बरेच ड्रायव्हर सायन (आकाशी), मॅजेंटा (गुलाबी-जांभळट), पिवळा मिसळून राखाडी बनवतात, कारण फिक्या छटेत नुसते काळे ठिपके दाणेदार दिसतात. ‘प्लेन पेपर’ करा, गडदपणा हवा तर क्वालिटी वाढवा. एचपीचा ड्रायव्हर असेल तर ‘ब्लॅक इंक ओन्ली’ असा वेगळा पर्याय मिळतो, तो घ्या. शेजारचा ‘हाय क्वालिटी ग्रेस्केल’ नको.

टिक गायब होते कारण प्रेफरन्सेस त्या एका युजरपुरत्या असतात. प्रिंटर प्रॉपर्टीज, मग ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब, तिथं ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये लावा. ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ग्रेस्केलची स्वतंत्र टिक असते, तीही बघा. आणि एक्सेलमधलं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ म्हणजे ग्रेस्केल समजू नका, त्यात सेलचा भरलेला रंगच उडतो.

रंगीत शाई शून्य लागेल अशी आशा मात्र नको. हेड क्लीनिंगला, म्हणजे शाई सोडणारी छिद्रं साफ करताना, चारही टाक्यांतून शाई जाते.

कूलरवाला :
हिरवट म्हणजे मॅजेंटा कमी पडतोय. तांबूस आलं तर सायन, निळसर आलं तर पिवळा. नोझल चेक (शाईची छिद्रं तपासणारं चाचणीचं पान) काढा, मॅजेंटाच्या रेघा मधेच तुटलेल्या दिसतील. एकदा हेड क्लीनिंग, पुन्हा चेक. असं तीनदा करूनही फरक नाही तर निदान १२ तास मशीनला हात लावू नका, हवेचे बुडबुडे बसू द्या. लागोपाठ दहादा क्लीनिंग म्हणजे शाई थेट वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणारी गादी), आणि पॅड भरलं की प्रिंटर अडूनच बसतो.

बरेच इंकजेट १० ते ३५ अंशांसाठी बनवलेले असतात. आपल्या मे महिन्यात पंखा लावलेल्या दुकानातही पारा त्यापुढे जातो आणि तोंडाशी शाई सुकते. आठवड्याला एक रंगीत नोझल चेक पुरे. दुसरं, कूलरची हवा थेट कागदावर नको : रीम ओल धरते, कागद वळतो, शाई पसरते. उघडी रीम वेष्टनातच ठेवा.

महालकर :
प्लेन केलं, हिरवट झाक गेली. चेकमध्ये मॅजेंटाच्या तीन रेघा तुटल्या होत्या, दुसऱ्या क्लीनिंगनंतर जुळल्या. आता शेवटचं : सातबाऱ्यावरचा जांभळा शिक्का फिका येतो, आणि नोट्समधलं पिवळं मार्कर तर दिसतच नाही.

शाईवाला :
पिवळं मार्कर ग्रेस्केलमध्ये टिकत नाही. राखाडी काढताना साधारण हिरव्याला ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन मिळतं. पिवळ्यात लाल-हिरवा दोन्ही भरलेले, म्हणून तो जवळजवळ पांढरा होतो. निळं पेन उलट गडद उठतं. शिक्क्यासाठी स्कॅन ३०० डीपीआयवर ‘ग्रेस्केल’ किंवा ‘कलर’मध्ये घ्या. स्कॅनरचा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ प्रत्येक बिंदू एकतर काळा नाहीतर पांढरा करतो, त्यात फिका शिक्का पांढऱ्याच्या बाजूला पडतो. तरी फिका आला तर स्कॅनमध्येच ब्राइटनेस थोडा उतरवा; प्रिंटरच्या डेन्सिटीला हात लावलात तर सगळा मजकूर जाड होईल.