निसर्गचित्रात आजचे गाव दाखवावे का?

प्रश्न (वाळवा तालुका):
मी कृष्णाकाठची निसर्गचित्रे जलरंगात करतो. गळीत हंगामात आमच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, बांधालगत उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते आणि वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. जाणकार मंडळी मात्र सुचवतात, की ट्रॉली आणि तारा काढून बैलगाडी व कौलारू घर घातल्यास चित्राला गावपण येईल. तसे केल्यावर ते आमच्या गावाचे चित्र राहील का?

उत्तर (सांगली):
ट्रॉली मुळीच वगळू नये. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या १८२१ सालच्या 'द हे वेन' (गवताची गाडी) या चित्रात इंग्लंडमधल्या स्टूर नदीच्या उथळ पात्रात उभी असलेली गाडी आज आपल्याला जुन्या काळातली वाटते. त्याच्या काळी ती रोजच्या वापरातली होती. चित्रातली जागा म्हणजे नदीकाठचे फ्लॅटफर्ड; तेथे त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती, त्यामुळे तेथली कामे त्याला आतून ठाऊक होती. गाडी रिकामी आहे, आणि ती कशासाठी निघाली आहे हे उजवीकडे दूरच्या कुरणात गवत कापणारी इवलीशी माणसे पाहिल्यावर उमगते. आपणही ट्रॉली नुसती उभी करू नका. मागे अर्धा तुटलेला फड आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई दाखवा, म्हणजे ट्रॉली तेथे का आहे हे चित्रच सांगेल.

उत्तर (वाई):
वरील मताशी मी सहमत आहे. तारा रचनेला अडथळा ठरत असतील तर खुशाल गाळाव्यात, माणसे मात्र गाळू नयेत. आमच्याकडे मेणवलीचा घाट असंख्य चित्रकार रंगवतात. पायऱ्या आणि देऊळ मन लावून काढतात, पण तेथे धुणे धुणाऱ्या बायका बहुतेक चित्रांत नसतात, याचे मला फार वाईट वाटते. माणूस केवढा काढायचा हे आधी ठरवावे. फ्रेंच चित्रकार मिलेने १८५७ च्या 'द ग्लीनर्स' मध्ये सांडलेली कणसे वेचणाऱ्या तीन वाकलेल्या स्त्रिया अगदी पुढे, मोठ्या काढल्या आणि धान्याच्या भरगच्च गंजी दूर मागे ठेवल्या. त्या अंतरातूनच कोणाच्या वाट्याला काय आले ते कळते. कोप्या रंगवताना उन्हातले पाचट जवळजवळ पांढरे दिसते, तेथे कागद कोरा सोडावा, आणि कोपीवर निळी ताडपत्री असेल तर तीही निळीच रंगवावी.